नदीचे विश्वस्त

तीर्थक्षेत्री आलेला भाविक प्रथम नदीवर जातो आणि मग देवळात. पंढरपुरी चंद्रभागेचे स्नान, त्यानंतर पुंडलिकाचे दर्शन आणि मग विठ्ठलाचे, असा क्रम परंपरेने लावून दिला आहे. नाशिकला रामकुंड, त्र्यंबकेश्वरी कुशावर्त, वाईला कृष्णेचे घाट, नृसिंहवाडीस कृष्णा-पंचगंगेचा संगम. देव कोणताही असो, त्याच्या दाराशी पाणी आहे. 'तीर्थ' या शब्दाचा मूळ अर्थ नदी ओलांडण्याची जागा, पाण्यात उतरण्याचा उतार असा आहे. म्हणजे बहुतेक ठिकाणी पाणी आधी होते, देऊळ मागून आले. देवळाच्या व्यवस्थेसाठी विश्वस्त मंडळे आहेत, घटना आहेत, दरवर्षी तपासले जाणारे हिशेब आहेत. नदीच्या व्यवस्थेसाठी काय आहे, असे कोणी विचारले तर उत्तर देणारा माणूस प्रथम महानगरपालिकेकडे, मग पाटबंधारे खात्याकडे आणि शेवटी आकाशाकडे बोट दाखवितो.

पूजांच्या वेळा, भक्तनिवास, अन्नछत्र यांविषयीची माहिती या पुस्तिकेत अन्यत्र दिलेलीच आहे. प्रस्तुत लेखात एका प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. नदी कोणाची? आणि ती बिघडली तर त्यास उत्तरदायी कोण? प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याचे उत्तर देताना भाविक, देवस्थान, सरकार आणि दाते या साऱ्यांनाच थोडे अवघडल्यासारखे होते.

आरंभी श्रद्धावानांच्या बाजूने जो आक्षेप घेतला जातो तो लक्षात घेऊ. नदी ही साक्षात देवता, ती सर्वांची पापे धुते. तिला अपवित्र करण्याचे सामर्थ्य माणसात कोठून येणार? हा आक्षेप घेणाऱ्यांस अडाणी म्हणून बाजूस सारणे योग्य नाही. त्यांच्या बोलण्यात एक सत्य आहे. पावित्र्य आणि स्वच्छता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजारी पडलेल्या आईचे आईपण कमी होत नाही, तसे मैला वाहणाऱ्या गंगेचे गंगापणही कमी होत नाही. पण म्हणून आईला औषध नको असे कोणी म्हणत नाही. पावित्र्य ही देवाने दिलेली गोष्ट मानली तरी स्वच्छता ही माणसाने राखावयाची गोष्ट आहे, आणि आपल्या धर्मशास्त्रकारांना हा भेद ठाऊक होता. मनुस्मृतीतील अनेक वचनांविषयी आज तीव्र मतभेद आहेत व ते असणे स्वाभाविकही आहे. तथापि तिच्या चौथ्या अध्यायात पाण्यात मलमूत्र विसर्जन करू नये, थुंकू नये, घाणीने माखलेली वस्तू, रक्त किंवा विष टाकू नये, असा स्पष्ट निषेध आहे, एवढे येथे नोंदवावेसे वाटते. पाणी आपोआप शुद्धच राहते अशी शास्त्रकारांची समजूत असती तर या निषेधाचे कारणच उरले नसते.

या दोन गोष्टी एकाच माणसाच्या ठायी कशा नांदू शकतात याचे उदाहरण वाराणसीत होऊन गेले. संकटमोचन मंदिराचे महंत वीरभद्र मिश्र हे तुळशीदासांच्या परंपरेतील गादीचे अधिकारी, आणि त्याच वेळी बनारस हिंदू विश्वविद्यालयात जलअभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. रोज पहाटे गंगास्नान करावयाचे आणि त्याच पाण्यात किती जंतू आहेत हे प्रयोगशाळेत मोजावयाचे, असे आयुष्य त्यांनी काढले. १९८२ मध्ये त्यांनी संकटमोचन फाउंडेशन स्थापन केले आणि तुळशी घाटावर पाण्याच्या तपासणीची सोय केली. १९८६ मध्ये केंद्र सरकारची गंगा कृती योजना सुरू झाली. मोठे पंप बसले, शुद्धीकरण केंद्रे उभी राहिली. पण वीज गेली की पंप बंद पडत आणि मैलापाणी पुन्हा नदीत जाई. पावसाळ्यात पुराने तर सारीच यंत्रणा कोलमडे. महंतजींनी हे सातत्याने दाखवून दिले आणि विजेवर न विसंबता उताराने वाहणाऱ्या नळांतून मैलापाणी तलावांच्या मालिकेत नेऊन शुद्ध करण्याची पर्यायी योजना मांडली. २०१३ मध्ये ते निवर्तले.

त्यांच्या कार्यातील एक गोष्ट प्रत्येक देवस्थानाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. भाविकांना 'गंगा प्रदूषित झाली आहे' असे सांगितले तर ते दुखावतात, कारण त्यांना तो नदीचा अपमान वाटतो. परंतु गंगा तुमची आई आहे, तिच्या अंगावर कोण काय टाकीत आहे ते येऊन पहा, असे म्हटले तर तेच लोक उठून उभे राहतात, असे ते सांगत. श्रद्धेला वळसा घालून नदीचे रक्षण या देशात होणार नाही. श्रद्धेच्या आतूनच वाट काढावी लागेल.

आता आपल्या भागाकडे वळू. देहू आणि आळंदी ही दोन्ही क्षेत्रे इंद्रायणीच्या काठी आहेत. इंद्रायणी पुढे तुळापूरजवळ भीमेस मिळते. पुणे शहरातून वाहणारी मुळा-मुठाही पुढे भीमेलाच मिळते. हे सारे पाणी उजनी धरणाच्या यशवंतसागरात साठते, आणि तेथून सुटलेले पाणी पंढरपुरास चंद्रभागा या नावाने वाहते. आषाढी वारीच्या वेळी भाविकांच्या स्नानासाठी अनेकदा उजनीतूनच पाणी सोडावे लागते. म्हणजे असे की, आळंदीहून पालखी निघते तेव्हा ज्या मार्गाने वारकरी पंढरीस पोहोचतो, त्याच्या थोड्या वेगळ्या वाटेने त्याच्या गावाचे आणि पुणे-पिंपरी-चिंचवडचे सांडपाणीही पंढरीस पोहोचते. पुण्याचा भाविक घरून निघताना जे मोरीत सोडून आला, त्याच नदीच्या पाण्यात तो एकादशीस हात जोडून उभा राहतो. गेल्या काही वर्षांत आळंदीस इंद्रायणीवर पांढऱ्या फेसाचे थर तरंगताना सर्वांनी पाहिले आहेत. २०१६ मध्ये राज्य शासनाने 'नमामि चंद्रभागा' ही योजना जाहीर केली. अशा योजना आवश्यकच आहेत. पण घाट कितीही झाडला तरी नदी वरून येते, आणि जे वर घडते ते खाली पोहोचते, एवढे समजण्यास अभियंता असण्याची आवश्यकता नाही.

येथे आणखी एक गोष्ट स्पष्ट करणे अगत्याचे आहे. पाणी नितळ दिसले म्हणजे ते स्नानास योग्य असते असे नाही. स्नानयोग्य पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जे निकष ठरविले आहेत त्यांत एका लिटर पाण्यात विरघळलेला प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम असावा, आणि विष्ठेतून येणाऱ्या जंतूंचे प्रमाण १०० मिलिलिटरमध्ये ५०० पर्यंत असणे इष्ट, फार तर २५०० पर्यंत चालेल, असे म्हटले आहे. यांपैकी काहीच डोळ्यांना दिसत नाही. फुले, पाने, नैवेद्य पाण्यात कुजू लागले की कुजविणारे जंतू हाच प्राणवायू वापरतात आणि मासे गुदमरतात. मेलेला मासा दिसतो तेव्हा बरेच काही आधीच होऊन गेलेले असते.

येथवर वाचून एखादा यात्रेकरू म्हणेल, आणि त्याचे म्हणणे रास्तच आहे, की "मी दोनशे मैलांवरून आलो, पानाच्या द्रोणात चार फुले आणि एक वात सोडली. शहरांचा मैला आणि कारखान्यांचे रसायन नदीत जाते त्याचे काय? गरिबाच्या द्रोणावर बोट ठेवणे सोपे म्हणून तुम्ही ठेवता." या आक्षेपात न्यायाचा प्रश्न आहे आणि तो टाळता येणार नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातील नागरी वस्त्यांतून दररोज सुमारे ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी निर्माण होते, आणि त्यांपैकी प्रत्यक्षात शुद्धीकरण होते ते सुमारे २०,२३५ दशलक्ष लिटरचे. उरलेले कोठे जाते ते सांगावयास नको. या आकड्यांपुढे यात्रेकरूचा द्रोण हा समुद्रातील थेंबही नव्हे. तेव्हा भाविकांना फलक लावून दटावायचे आणि नगरपालिकेच्या नाल्याकडे पाठ फिरवायची, ही नीती नव्हे. अशी नीती अनेक ठिकाणी चालते, हेही खेदाने म्हणावे लागते.

मात्र हा युक्तिवाद एका मर्यादेपर्यंतच जातो. दुसऱ्याचा अपराध मोठा म्हणून माझे कर्तव्य संपत नाही. फार तर त्याचे वजन कमी होते. शिवाय सणाच्या दिवशी द्रोण एक नसतो. दोन-तीन लाख भाविक एकाच दिवशी एकाच कुंडापाशी आले तर प्रत्येकाचे 'थोडेसे' मिळून पाण्यास पेलवेनासे होते, आणि यांपैकी कोणीही एकटा दोषी नसतो. हीच या प्रश्नातील अवघड जागा आहे. ज्या ठिकाणी कोणीही एकटा दोषी नसतो, तेथे कोणी एकट्याने सुधारूनही भागत नाही. तेथे सर्वांनी मिळून एक नियम मान्य करावा लागतो व तो पाळला जातो की नाही यावर लक्षही ठेवावे लागते. आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ज्या समाजाचा स्वतःचा हात नदीपुढे स्वच्छ आहे, तोच समाज नगरपालिकेच्या दारात उभा राहून ठामपणे जाब विचारू शकतो. पंजाबात घडलेली हकीकत या दृष्टीने मुद्दाम वाचण्यासारखी आहे.

पंजाबात होशियारपूर जिल्ह्यात उगम पावून सुमारे १६० किलोमीटर वाहणारी काली बेईं ही लहानशी नदी आहे. तिच्या काठच्या सुलतानपूर लोधी या गावी गुरू नानकदेव सुमारे चौदा वर्षे राहिले. एके दिवशी स्नानास गेलेले नानकदेव तीन दिवस नदीतून बाहेर आले नाहीत आणि बाहेर आले ते साक्षात्कार घेऊनच, अशी शीख परंपरेची श्रद्धा आहे. म्हणजे आपल्याकडे इंद्रायणीस जे स्थान, ते तिकडे या नदीस. अशी ही नदी विसाव्या शतकाच्या अखेरीस ओळखू न येण्याजोगी झाली होती. चाळीसहून अधिक गावांचे आणि काही शहरांचे सांडपाणी तिच्यात सोडले जाई, जलपर्णीने पात्र झाकून गेले होते, काही ठिकाणी पात्रातच शेते झाली होती आणि खालच्या अंगास पाणी पोहोचेनासे झाले होते.

जुलै २००० मध्ये संत बलबीरसिंग सीचेवाल यांनी काही अनुयायांसह पात्रात उतरून जलपर्णी उपटण्यास प्रारंभ केला. शीख समाजात 'कारसेवा' ही जुनी रूढी आहे. गुरुद्वाऱ्याच्या सरोवरातील गाळ काढण्यास गरीब-श्रीमंत सारे एकत्र येतात आणि डोक्यावरून पाट्या वाहतात. सीचेवालांनी एवढेच केले की सरोवराच्या भिंतीपाशी थांबणारी ही रूढी नदीपर्यंत आणली. गावोगावची माणसे आली. कोणी ट्रॅक्टर आणला, कोणी डिझेल दिले, कोणी लंगर चालविले. काठाने रस्ते आणि घाट झाले, झाडे लावली गेली. पण खरे कठीण काम पुढेच होते. गावांची गटारे बंद कशी करावयाची? गटार बंद करा असे सांगणे सोपे. ते पाणी जावे कोठे? त्यांनी गावागावांत साधी पद्धत रुजविली. सांडपाणी आधी गोल विहिरींसारख्या टाक्यांतून न्यावयाचे, तेथे घाण खाली बसते. मग ते उघड्या तळ्यात उन्हात ठेवावयाचे. आणि तेथून शेतांना द्यावयाचे. शेतकऱ्यास खताचा अंश असलेले पाणी मिळाले आणि नदीवरचा भार हलका झाला. २००६ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी तेथे येऊन हे काम पाहिले. २०१७ मध्ये सीचेवालांस पद्मश्री मिळाली. २०१९ मध्ये गुरू नानकदेवांची ५५० वी जयंती साजरी झाली तेव्हा सुलतानपूर लोधीस आलेल्या असंख्य यात्रेकरूंस स्नान करता येईल अशी नदी तेथे होती.

ही कथा येथेच संपविली तर ती गोड होईल, पण पूर्ण होणार नाही. नंतरच्या काळातही वरच्या अंगाने दूषित पाणी आल्यामुळे बेईंत मासे मेल्याच्या बातम्या आल्या, आणि काही शहरांचे सांडपाणी थांबविण्यासाठी सीचेवालांस शासनाशी सतत झगडावे लागले. सेवेने गाळ निघतो, जलपर्णी निघते. शहराचा मैला मात्र सेवेने थांबत नाही. त्यासाठी शासनच लागते. आणि तरीही, लोकांनी आधी पात्रात उतरून दाखविले नसते तर शासनास हलविणारा तरी कोण होता? 'हे सरकारचे काम' आणि 'हे लोकांचे काम' अशी वाटणी करून मोकळे होणाऱ्या दोन्ही पक्षांस बेईं चुकीचे ठरविते.

आता प्रश्नाच्या दुसऱ्या अंगाकडे येऊ. लोकांनी कष्टाने नदी जिवंत केली, तर ती त्यांची होते काय? राजस्थानच्या अलवर जिल्ह्यात हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. १९८५ मध्ये राजेंद्रसिंह आणि तरुण भारत संघाचे काही कार्यकर्ते तेथील दुष्काळी गावांत शिक्षण व आरोग्याच्या कामासाठी गेले होते. गोपालपुऱ्याच्या वृद्ध गावकऱ्याने त्यांस सांगितले की, येथे शाळेपेक्षा पाणी हवे आहे, पाण्याचे काम करा. मग त्या भागातील जुने 'जोहड', म्हणजे पावसाचे पाणी अडविणारे मातीचे अर्धगोल बांध, पुन्हा उकरून काढण्यास सुरुवात झाली. पाटबंधारे खात्याने आरंभी या बांधांना बेकायदा ठरवून नोटिसाही बजावल्या होत्या. वर्षानुवर्षे डोंगरउतारावर असे शेकडो बांध होत गेले, पाणी मुरत गेले, विहिरींची पातळी वर आली, आणि केवळ पावसाळ्यात वाहणारी अरवरी नदी १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास बारमाही झाली.

पाणी आले तसे मासे आले. मासे आले तसे सरकारास आठवण झाली की नदी आपली आहे; १९९६ मध्ये मासेमारीचा ठेका बाहेरच्या ठेकेदारास देण्यात आला. गावकरी अडून बसले. नदी कोरडी होती तेव्हा ती कोणाची होती, हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्याचे समाधानकारक उत्तर कोणापाशी नव्हते. अखेर ठेका रद्द झाला. परंतु माझ्या मते खरी विचार करण्यासारखी घटना यानंतर घडली. 'ठेकेदाराची नाही तर मग आमची' असे म्हणून गावकरी थांबले नाहीत. १९९९ मध्ये सुमारे ७० गावांच्या प्रतिनिधींनी 'अरवरी संसद' स्थापन केली, आणि तिने जे नियम केले ते दुसऱ्यांसाठी नव्हते, प्रथम स्वतःसाठी होते. ऊस आणि भात यांसारखी पाणी खाणारी पिके घ्यावयाची नाहीत, नदीतून मनास येईल तसे पंप लावून पाणी उपसावयाचे नाही, डोंगरावरची झाडे तोडावयाची नाहीत. या संसदेस कायद्याचे अधिष्ठान नाही, तिच्यापाशी पोलीस नाहीत. स्वतःच्या उसावर बंदी घालून घेणाऱ्या शेतकऱ्याचा नदीवरील हक्क मात्र कोणत्याही ठेकेदाराच्या हक्कापेक्षा वरचढ आहे, हे मान्य करण्यास कायद्याच्या पुस्तकाची गरज पडत नाही.

आपल्या महाराष्ट्रासही ही रीत अपरिचित नाही. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवरील फड बागायतीची पद्धत काही शतकांची आहे. बंधाऱ्याखालील जमिनीचे फड पाडावयाचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, पाळीने पाणी द्यावयाचे आणि पाणी वाटणारा पाटकरी गावानेच नेमावयाचा. पाणी कमी असेल त्या वर्षी कोणता फड पडीक ठेवावयाचा हेही सर्वांनी मिळून ठरवावयाचे. म्हणजे तोटा आला तर तोही वाटून. याच्या उलट अनुभव भंडारा-गोंदियाकडील मालगुजारी तलावांचा आहे. कोहळी समाजाच्या कसबी लोकांनी व मालगुजारांनी बांधलेले हजारो तलाव मालगुजारी संपुष्टात आल्यावर, म्हणजे १९५० नंतर, सरकारी मालकीचे झाले. मालगुजारी गेली ते योग्यच झाले. मात्र त्या व्यवस्थेत गाळ कोणी काढावयाचा, पाळ कोणी बांधावयाची, हे जे ठरलेले होते तेही तिच्याबरोबर गेले, आणि पुष्कळसे तलाव गाळाने भरत राहिले. मालकी बदलली, पण राखणदारी कोणाकडेच आली नाही.

मालकी आणि राखणदारी यांतील हा भेद देवस्थानाच्या कार्यालयात काम करणाऱ्यास नवा नाही. आपल्याकडील कायद्याने देवता ही एक 'व्यक्ती' मानली आहे. देवळाची जमीन, दागिने, दानपेटीतील रक्कम ही देवाची मिळकत; विश्वस्त तिचे मालक नव्हेत. देव स्वतः न्यायालयात उभा राहत नाही, सही करीत नाही, म्हणून त्याचे हित पाहण्यासाठी अज्ञान बालकास पालक असावा तसे विश्वस्त असतात. अन्नदानासाठी आलेला पैसा शिखराच्या सोन्यासाठी वापरता येत नाही. कायम निधीस हात लावता येत नाही, केवळ त्याचे व्याज खर्च करता येते. वर्षअखेर हिशेब द्यावा लागतो. लोकांस या औपचारिकता कंटाळवाण्या वाटतात, क्वचित आम्हांसही वाटतात. परंतु शेकडो वर्षे चालणारी वस्तू एका पिढीच्या हातून संपू नये यासाठीच त्या आहेत.

नदीसही हाच न्याय लावता येईल काय? सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये हिमाचल प्रदेशातील बियास नदीचे पात्र एका हॉटेलाच्या सोयीसाठी वळविल्याच्या प्रकरणी निर्णय देताना, नद्या, वने, समुद्रकिनारे यांचे सरकार हे मालक नसून जनतेच्या वतीने विश्वस्त आहे, असे तत्त्व सांगितले. मार्च २०१७ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालय याच्याही पुढे गेले आणि त्याने गंगा व यमुना या कायद्याच्या दृष्टीने जिवंत व्यक्ती आहेत असे जाहीर केले. तो निर्णय देताना देवतेस व्यक्ती मानणाऱ्या निवाड्यांचाच आधार घेतला होता. त्याच महिन्यात न्यूझीलंडच्या संसदेने व्हांगानुई नदीस असाच दर्जा देणारा कायदा केला. तेथे नदीच्या वतीने बोलण्यासाठी दोन प्रतिनिधी नेमले जातात, एक शासनाने निवडलेला आणि एक नदीकाठच्या माओरी लोकांनी. आपल्याकडील निर्णयास मात्र जुलै २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. नदी व्यक्ती असेल तर तिच्या पुराने झालेल्या हानीची भरपाई कोणी द्यावयाची, एका राज्यातील अधिकारी अनेक राज्यांतून वाहणाऱ्या नदीचे पालक कसे होतील, अशा शंका उत्तराखंड सरकारनेच उपस्थित केल्या होत्या. शंका पोकळ नव्हत्या. नदीस व्यक्ती म्हणण्याने तिचे पालक आपोआप निर्माण होत नाहीत. पालक नेमावे लागतात आणि त्यांस हिशेब विचारावा लागतो.

मला वाटते, आपण नदीला माता म्हणतो तेव्हा अर्धीच गोष्ट बोलतो. आई देते आणि लेकरू घेते, एवढेच त्या नात्यातून आपण उचलले. विश्वस्ताचे नाते अधिक रुक्ष आहे, त्यात आरतीचा गोडवा नाही, पण त्यात घेणाऱ्यावर बंधन आहे. दरसाल पावसाने येणारे पाणी हे व्याज, आणि जमिनीत मुरलेले, झऱ्यांतून पाझरणारे पाणी हा कायम निधी, असा हिशेब मांडला तर आपण किती ठिकाणी मुद्दल खाऊन बसलो आहोत हे ताबडतोब दिसते. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार गावात पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने ग्रामसभा दरवर्षी असाच पाण्याचा ताळेबंद मांडते, आणि पाऊस किती झाला ते पाहून पिके ठरविते. शेतीसाठी कूपनलिका घेण्यास तेथे बंदी आहे.

देवस्थानांनीही या हिशेबातून स्वतःस वगळू नये. आपल्या भक्तनिवासाचे सांडपाणी कोठे जाते, अभिषेकाचे दूध कोठे वाहते, रोजच्या निर्माल्याचे खत होते की ते पाण्यात जाते, हे विचारण्याचा भाविकांस पूर्ण अधिकार आहे. मूर्तिविसर्जनाविषयी केंद्रीय मंडळाने २०१० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२० मध्ये त्या अधिक कडक केल्या. त्या केवळ सार्वजनिक मंडळांसाठी आहेत असे समजण्याचे कारण नाही.

शेवटी दात्यांविषयी थोडे, कारण ही पुस्तिका त्यांच्याही हाती जाते. विहीर, तलाव, पाणपोई, धर्मशाळा ही 'पूर्त' कर्मे होत आणि यज्ञयागाइतकेच त्यांचे पुण्य सांगितले आहे. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांनी महेश्वरी, काशीस आणि देशभर घाट बांधले ते याच भावनेने. त्यांनी पायऱ्या बांधल्या तेव्हा खाली पाणी वाहते राहील हे गृहीत होते. आज परिस्थिती उलट झाली आहे; घाट पुष्कळ आहेत, पाणी नाही. तरीही दान द्यावयाचे म्हटले की दात्यास नवा घाट, नवी कमान, संगमरवरी फरशी सुचते, आणि त्यावर वडिलांच्या नावाची पाटी. मैलापाणी अडविणाऱ्या नळावर आपल्या वडिलांचे नाव कोरावे असे अद्याप कोणास वाटलेले नाही. वाटावे, अशी कार्यालयाची नम्र इच्छा आहे. कित्येक ठिकाणी तर नदीपात्रात ओतलेल्या काँक्रीटनेच झऱ्यांची तोंडे बुजतात, म्हणजे दान नदीच्याच मुळावर येते.

दात्यांकडून कधी कधी विचारणा होते की नदीसाठी दिलेली रक्कम स्वतंत्र ठेवली जाते काय. नियम असा आहे की, दाता ज्या उद्देशाने देतो त्याच उद्देशासाठी रक्कम वापरावी लागते. म्हणून देणगी देताना पावतीवर उद्देश स्पष्ट लिहून घ्यावा. घाटाची झाडलोट, निर्माल्याचे खत, पाण्याची तपासणी यांपैकी कशासाठी, हेही लिहिता येते. ज्यांस रक्कम देणे शक्य नाही त्यांनी एक सकाळ दिली तरी चालते; फावडी आणि पाट्या कार्यालयात आहेत. निर्माल्य पाण्यात न सोडता घाटाच्या वरच्या पायरीवरील कलशात ठेवावे. द्रोण सोडावयाचाच असेल तर पानाचा असावा, थर्माकोलचा नसावा. आणि आपल्या गावची नदी किंवा ओढा पुढे कोणत्या नदीस मिळतो, ते पाणी कोणत्या क्षेत्राच्या घाटावरून जाते, हे परत गेल्यावर नकाशात पाहून ठेवावे. पुढील खेपेस येताना त्याची स्थिती आम्हांस कळविल्यास कार्यालय त्याची नोंद करून ठेवील.

— चिटणीस, विश्वस्त कार्यालय